वर्म वीतभर खाली

बार झाला आणि विल्डबीस्टचा, म्हणजे आफ्रिकेतल्या मोठ्या काळपट हरणाचा, नर जागच्या जागी बसला. चारी पाय एकदम काढून घेतल्यासारखा. दुपारचे चार वाजायला दहा मिनिटं होती. माझ्या सहकाऱ्याने बंदूक टेकूच्या काठ्यांवरून उचलली, शेताच्या मालकाने त्याच्या पाठीवर थाप मारली, मीही अभिनंदनाला हात पुढे केला. माग काढणारा तेवढा हलला नाही. बाभळीच्या झुडपाआडून तो त्या काळ्या ढिगाकडे बघत राहिला. वीसेक सेकंद गेली असतील. ढीग उठला, एकदा धडपडला आणि पळत सुटला.

त्याला पुन्हा गाठेपर्यंत दुसऱ्या दिवशीचे साडेनऊ वाजले. मधल्या साडेसतरा तासांत काय झालं आणि का झालं, ते इथे मांडतो आहे. आफ्रिकेच्या माळावरच्या प्राण्यांत पाडायला सगळ्यांत अवघड कोण, याची यादी तिथल्या प्रत्येक शेकोटीभोवती ऐकायला मिळते. यादीत पहिला असलेला प्राणी पहिला का, हे मात्र मला शेकोटीपाशी नाही, कातडं सोलायच्या शेडमध्ये कळलं.

जागा आणि माणसं

दक्षिण आफ्रिकेत लिम्पोपो प्रांतात लेफलाले नावाचं गाव आहे, जोहान्सबर्गच्या उत्तरेला साधारण ३०० किलोमीटर. तिथल्या वीजकेंद्राच्या कामानिमित्त मी त्या भागात राहत होतो. आजूबाजूला तांबडी रेताड जमीन, काटेरी झुडपं आणि मैलोन्मैल उंच तारेचं कुंपण. १९९१च्या कायद्याने तिथे नीट कुंपण घातलेल्या जमिनीवरच्या वन्य जनावरांवर जमीनमालकाचा हक्क मान्य झाला. त्यानंतर गुरांऐवजी हरणं, झेब्रे, विल्डबीस्ट राखणारी शेतं वाढत गेली. हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, पानं झडलेली असतात, गवत बसलेलं असतं, आणि शहरातली माणसं शनिवार-रविवार गाठून शिकारीला येतात. मांस घरी जातं, त्यातलं बरंचसं वाळवून बिल्टाँग होतं.

मी स्वतः बंदूक धरत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर वाढलेल्या माझ्यासारख्याला शिकार म्हणजे आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी. सहकारी आफ्रिकान्स बोलणारा, बंदूक पोरवयापासून हातात असलेला. पण त्याची सगळी शिकार इम्पाला आणि स्प्रिंगबॉक या लहान चणीच्या हरणांची. विल्डबीस्ट पहिलाच. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली, आणि त्या दुपारी ती कुणाच्याच डोक्यात नव्हती.

हत्ती, गेंडा, सिंह, बिबट्या आणि रानरेडा ही पाच जनावरं तिथे धोक्याची म्हणून वेगळी धरतात. उरलेली खुरांची मंडळी, म्हणजे कुडू या मोठ्या हरणापासून रानडुकरासारख्या वॉर्टहॉगपर्यंत सगळी, ‘प्लेन्स गेम’, माळावरची शिकार. नावावरून वाटतं की ही सोपी. त्यातच ब्लू विल्डबीस्टला शिकारी ‘गरिबाचा रानरेडा’ म्हणतात. खऱ्या रानरेड्याची फी ज्याला परवडत नाही त्याने याच्या मागे लागावं, तेवढीच तारांबळ स्वस्तात होते, असा त्यातला टोमणा.

पहिला बार

नर म्हातारा होता, कळपातून बाहेर पडलेला, एकटा. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन सहज अडीचशे किलोच्या घरात जातं. अंतर सुमारे १२० पावलं. तो आमच्याकडे किंचित तिरका तोंड करून उभा होता. बंदूक थर्टी-ओ-सिक्स, गोळी १८० ग्रेनची, पुढून मऊ शिशाची. तीन पायांच्या काठ्यांवर बंदूक टेकवलेली, वारा आमच्या तोंडावर, ऊन पाठीशी. तक्रार करायला जागा नव्हती.

विल्डबीस्ट ज्याने बाजूने पाहिला असेल त्याला त्याची ठेवण आठवेल. पुढचा भाग उंच, मागे उतरता. मानेवर आणि खांद्यावर आयाळ, गळ्याखाली लांब काळी दाढी. एवढा केसांचा पसारा की अंग नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते दुर्बिणीतूनही पटकन उमगत नाही. सहकाऱ्याने काय केलं? त्याला दिसलेल्या आकाराचा मध्य काढला, खांद्याच्या सरळ रेषेत, वर-खाली मधोमध. इम्पालावर हा हिशेब एरवी खपून जातो, कारण इम्पाला आखूड केसांचा, जेवढा दिसतो तेवढाच असतो.

विल्डबीस्टच्या खांद्यावरच्या उंचवट्यात काय असतं? बैलाच्या वशिंडात मांस असतं, तसं याच्यात नाही. पाठीच्या मणक्यांवर उभी, सपाट हाडं असतात, पंख्याच्या काड्यांसारखी एकामागे एक. खांद्यावर ती वीतभर लांब असतात. खरा मणका, ज्यातून मज्जारज्जू जातो, तो या काड्यांच्या तळाशी, म्हणजे बाहेरून वाटतो त्याच्यापेक्षा पुष्कळ खाली. फुप्फुसं त्याच्याही खाली. हृदय तर पार खालच्या तिसऱ्या हिश्शात, दोन पुढच्या पायांच्या मध्ये. आपल्याकडे वर्म म्हणतात ते त्या जनावराचं इतकं खाली आणि इतकं पुढे असतं.

गोळी त्या काड्यांना लागली. वरची दोन टोकं उडाली. हाडाला बसलेल्या हादऱ्याने खालचा मज्जारज्जू क्षणभर सुन्न झाला आणि जनावर दिव्याचं बटण बंद करावं तसं खाली गेलं. मज्जारज्जू तुटला नव्हता. फुप्फुसाला काही झालं नव्हतं. एकही मोठी रक्तवाहिनी फुटली नव्हती. वीस सेकंदांत सुन्नपणा ओसरला.

हृदयात किंवा फुप्फुसात नीट गोळी बसलेलं जनावर बहुतेकदा असं पडत नाही. ते उसळतं, पाठ वाकवतं, पळतं आणि मग पडतं. दगडासारखं तिथल्या तिथे कोसळलेलं जनावर म्हणजे एकतर मेंदू किंवा मज्जारज्जू गेलेला, नाहीतर हे असं. दोन्ही १२० पावलांवरून सारखीच दिसतात. म्हणून पडलेल्या जनावरावर बंदूक रोखून, दुसरी गोळी नळीत सरकवून उभं राहायचं असतं. आमचा सहकारी त्या वेळी हात मिळवत होता. मालक, ज्याला हे सगळं माहीत होतं, तोही. मला वाटतं त्या दुपारची सगळ्यांत मोठी चूक नेमाची नव्हती, या वीस सेकंदांची होती. नेम नवख्याचा चुकू शकतो. बंदूक न भरण्याला तीच सबब चालत नाही.

दुसरा बार, आणि अंधार

उठलेल्या नरावर त्याने घाईघाईने दुसरी गोळी झाडली. जनावर तिरकं दूर जात होतं. आवाज आला तो ओल्या पोत्यावर दांडका मारावा तसा, दबका. मालकाने मान खाली घातली. “पोटात,” एवढंच म्हणाला.

पोटात लागणं म्हणजे काय, हे रवंथ करणाऱ्या जनावराच्या बाबतीत समजून घ्यायला हवं. डायफ्रॅमच्या, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या, मागची बरीचशी जागा गवताने भरलेल्या पोटाची असते. त्यात शिरलेली गोळी ओल्या चाऱ्यात वेग हरवते आणि पुढच्या अवयवांपर्यंत पोचतेच असं नाही. जनावर यातून वाचत नाही. पण मरायला तास लागतात, आणि त्या तासांत ते मैलभर चालू शकतं. हा त्रास त्याला उगाच झाला, आणि हे लिहिताना मला त्यावर पांघरूण घालायचं नाही.

माग काढणारा बार बसल्या जागी गेला. वय साठीच्या आसपास, सेपेदी ही तिथली भाषा बोलणारा, मालकाशी आफ्रिकान्समध्ये बोलायचा आणि माझ्याशी मोजक्या इंग्रजीत. त्याला तिथे तीन गोष्टी सापडल्या. कापले गेलेले लांब काळे केस, हाडाची पांढरी सपाट किरच, आणि चार-पाच थेंब रक्त. पुढे झुडपाच्या काटकीवर, माझ्या कमरेच्याही वर, एक डाग. त्यावरून त्याने पहिली गोळी उंच लागल्याचं तिथेच सांगितलं. जखम उंच असली की रक्त आतल्या आत साचतं, बाहेर फारसं येत नाही. फुप्फुसाला लागलं असतं तर फेसाळ, गुलाबी रक्त दिसलं असतं. यकृताचं काळपट असतं. साठ पावलांवर गवताच्या पात्याला हिरवट चिकट काही लागलेलं होतं. त्याने ते बोटावर घेऊन हुंगलं आणि माझ्यापुढे धरलं. गोठ्यातला वास.

मग थांबायचं ठरलं. पोटात लागलेल्या जनावराच्या मागे लगेच गेलं तर ते उठून पुढे पळत राहतं. सोडून दिलं तर थोड्या अंतरावर बसतं आणि बसल्यावर आखडतं. सहकाऱ्याला हे पटेना, त्याला आत्ताच्या आत्ता जायचं होतं. साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्या झाडोऱ्यात पाठोपाठ अंधार होतो. तासभर थांबून आम्ही अर्धा किलोमीटर माग काढला आणि परतलो. जिथे शेवटचं रक्त दिसलं तिथे माग काढणाऱ्याने काट्यावर पांढऱ्या कागदाचा कपटा टोचला.

शेकोटीची यादी

त्या रात्री जेवण कुणालाच नीट गेलं नाही. बोलणं अर्थातच एकाच विषयावर. मालकाच्या यादीत पहिला ब्लू विल्डबीस्ट, मग गेम्सबॉक हे हरीण, मग झेब्रा. हार्टबीस्ट, हेही हरीणच, चौथा धरावा की नाही यावर त्याचा आणि त्याच्या मुलाचा वाद झाला.

गेम्सबॉकबद्दल तो आदराने बोलला. नर-मादी दोघांनाही भाल्यासारखी सरळ शिंगं, मीटरभर लांबीपर्यंत जाणारी. मानेचं आणि खांद्याचं कातडं इतकं जाड की सोलणाऱ्याला सुरी पुन्हा पुन्हा पाजवावी लागते. जखमी गेम्सबॉक झुडपाला पाठ लावून उभा राहतो आणि कुत्र्यांना शिंगांवर घेतो. सिंहसुद्धा त्याच्याशी जपून वागतो. झेब्र्याची अडचण निराळी. चरबीचा थर आणि कातडं गोळीचं भोक लगेच बुजवतं, मागावर रक्त मिळत नाही. त्यात ते पट्टे. खांद्याच्या वरच्या पट्ट्यांचा त्रिकोण होतो, त्याच्या टोकाशी नेम धरा असं शिकवतात. पण चार झेब्रे एकमेकांना घासून उभे असले की कुठला खांदा कुणाचा तेच कळत नाही.

ईलँड हरणाचा नर या सगळ्यांचा बाप, ९०० किलोपर्यंत भरणारा. पण आकाराच्या मानाने तो मऊ, असं मालकाचं मत. त्याचा खरा त्रास म्हणजे तो थांबत नाही, दुडक्या चालीने एका दमात कित्येक किलोमीटर निघून जातो. कुडूला तर त्याने यादीत घेतलंच नाही. “कुडू दिसणं कठीण. दिसल्यावर पाडणं नाही.” आणि छोट्या चणीचं हरीण बुशबक, जखमी झाल्यावर दाट झाडीतून अंगावर येतो म्हणून, यादीबाहेर पण लक्षात ठेवण्यासारखा.

मी मध्येच आपल्या रोह्यांचं सांगितलं. विदर्भातल्या शेतकऱ्याची रात्रीची झोप उडवणारी नीलगाय अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये नेऊन सोडली गेली, तिथे तिची आता शिकार होते, आणि तिथले शिकारीही हेच म्हणतात की खांद्याचं कातडं जाड, गोळी खाऊन पळते. मालकाने विचारलं, “पुढचा भाग उंच आणि मागे उतरता?” मी हो म्हटलं. तो हसला. मला तेव्हा त्या हसण्याचा अर्थ लागला नाही.

सहकाऱ्याचं सगळं खापर बंदुकीवर. थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह आणायला हवी होती, असं तो दहा वेळा म्हणाला. १९१२पासून आफ्रिकेत मोठ्या जनावरांसाठी वापरलं जाणारं ते काडतूस आहे, रानरेड्यालाही चालतं. मालक काही बोलला नाही.

सकाळ

सातला निघालो. गवतावर दहिवर, बोटं गारठलेली. कागदाच्या कपट्यापासून माग सुरू झाला. विल्डबीस्टचा खूर मोठा आणि खोल उमटतो, रेतीत तो मलाही दिसत होता. दोन ठिकाणी नर बसून उठलेला होता. दुसऱ्या ठिकाणी ताटलीएवढा काळपट डाग आणि शेजारी हिरवं. तपकिरी तरसाचा माग काही अंतर बरोबर चालून मग वेगळा झालेला दिसला. त्याला अजून घाई नव्हती बहुधा.

कालच्या जागेपासून साधारण चार किलोमीटरवर मालकाचा जॅक रसेल कुत्रा भुंकला. नर बोरीच्या जातीतल्या आकड्या काट्यांच्या झाडाखाली उभा होता, तोंड स्वतःच्याच मागाकडे करून. म्हणजे येणाऱ्याची वाट बघत. साठ पावलं. या वेळी मालकाने सहकाऱ्याच्या कानात सांगितलं, “पुढच्या पायाची रेघ धर, वर ये, एक तृतीयांशावर थांब.” गोळी तिथे लागली. आणि तरीही नर पळाला, दीडशेएक पावलं, आणि मग पडला.

या शेवटच्या पळण्याचं सहकाऱ्याला फार आश्चर्य वाटलं. खरं तर यात गूढ काही नाही. हृदय-फुप्फुसं फुटली तरी मेंदूत आणि स्नायूंत आधीच असलेला प्राणवायू दहा-पंधरा सेकंद पुरतो. तासाला पन्नास किलोमीटरने पळणारं जनावर दहा सेकंदांत १४० मीटर जातं. विल्डबीस्टचा पुरता वेग याहून जास्त आहे.

शेड

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नर शेडमध्ये आला, उलटा टांगला गेला. सोलणाऱ्याने कातडं खांद्यावरून उतरवलं आणि मग आम्ही तिघं वाकून बघत होतो. आयाळ आणि केस गेल्यावर अंग केवढं आक्रसलं! काल दुर्बिणीत दिसलेल्या उंचीतली वरची वीत नुसते केस, कातडं आणि त्या हाडांच्या काड्या. पहिल्या गोळीची वाट त्यातून आरपार गेलेली, दोन टोकं उडालेली, बाकी सगळं शाबूत. सहकाऱ्याने स्वतःची वीत लावून पाहिली. त्या भोकापासून फुप्फुसाच्या वरच्या कडेपर्यंत एक वीत. हृदयापर्यंत जवळजवळ दोन.

दुसरी गोळी पोटातल्या चाऱ्याच्या गोळ्यात सापडली, छत्रीसारखी उघडलेली. तिने तिचं काम चोख केलं होतं, चुकीच्या जागी. तिसरी दोन्ही फुप्फुसांतून. तिन्ही गोळ्या एकाच डब्यातल्या, एकाच बंदुकीच्या. थ्री-सेव्हन्टी-फाइव्हची गोळी त्या पहिल्या जागी लागली असती तर हाडाच्या काड्या आणखी दोन तुटल्या असत्या, एवढंच. मालकाचं रात्रीचं गप्प राहणं आणि हसणं मला इथे उलगडलं. रोह्याचा खांदाही असाच फसवतो.

म्हणून विल्डबीस्ट चिवट आहे या म्हणण्यावर माझा अर्धाच विश्वास आहे. चिवट तो आहेच. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी बोट्स्वानात विल्डबीस्टच्या स्नायूंची तपासणी करून २०१८ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापले. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी सुमारे ६३ टक्के त्या स्नायूंनी कामात लावली, गायीच्या स्नायूंनी सुमारे ४२ टक्के. उरलेली उष्णता म्हणून वाया जाते, म्हणजे विल्डबीस्ट कमी तापतो. तिथले कळप पाण्याशिवाय पाच-पाच दिवस राहून ८० किलोमीटरपर्यंत चालल्याचं त्यांना दिसलं. असं अंग असलेलं जनावर पोटात गोळी घेऊन चार किलोमीटर गेलं, तर ते त्याच्या स्वभावाला धरूनच झालं. पण हा चिवटपणा कामाला येतो तो पहिली गोळी चुकल्यावर. आधी त्याची ठेवण शिकाऱ्याला फसवते, मग त्याचे स्नायू. शेकोटीवर कौतुक होतं ते फक्त स्नायूंचं, कारण ठेवणीच्या बाबतीत आपली चूक कबूल करावी लागते.

आणि हत्यार बदललं की यादीही बदलते. मध्य कलाहारी वाळवंटातले सान या आदिवासी जमातीचे शिकारी भर दुपारी, पारा चाळिशीच्या आसपास असताना, कुडूमागे धावत त्याला दमवून पाडत. माग काढण्याच्या कलेचे अभ्यासक लुई लिबेनबर्ग यांनी अशा धावा स्वतः सोबत राहून नोंदवल्या आणि २००६मध्ये प्रसिद्ध केल्या. २५ ते ३५ किलोमीटरपर्यंतच्या धावा त्यांत आहेत. जड शिंगांचा कुडूचा नर तिथे मादीपेक्षा लवकर थकतो. ज्याला आमच्या मालकाने यादीतही घेतलं नव्हतं, तो तिथे धावणाऱ्याचा जीव काढणारा होता.

हिशेब झाला. रक्त सांडलं की फी लागू, मग जनावर सापडो न सापडो, असा तिथला रिवाज. आमचं सापडलं, पण पोट फुटून रात्रभर गेल्यामुळे मागचं बरंच मांस टाकावं लागलं. सहकाऱ्याने पैसे मोजले आणि ईलँडचा पुढच्या महिन्यातला बेत रद्द केला.

निघताना मी माग काढणाऱ्याला विचारलं, तुमच्या मते सगळ्यांत अवघड कोण? तो लगेच म्हणाला, इम्पाला. मला वाटलं प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, विल्डबीस्टचा म्हातारा नर एकटा असतो, खूर एवढा मोठा, या मागावर मी झोपेत चालेन. इम्पाला वीस-तीस असतात, सगळ्यांचे खूर सारखे, जमीन जरा खडकाळ लागली की उमटत नाहीत. त्यातला एक जखमी. रक्त दोन थेंब. तो कळपातून कुठे फुटला ते शोधायचं.

मग तो परत रानाकडे वळला. काट्यांवर टोचलेले कागदाचे कपटे गोळा करून आणायचे होते. राहिले तर जनावरं खातात, म्हणाला.